सरहद्द-प्रणयकादंबरी, धर्मप्रेरित (अमेरिकन)

अमेरिकेच्या पश्चिमेकडील नव्या वसाहतींत घडणाऱ्या आणि नायक-नायिकेच्या प्रेमाइतकेच त्यांच्या ख्रिस्ती श्रद्धेच्या वाटचालीला महत्त्व देणाऱ्या ऐतिहासिक कादंबरीस ही संज्ञा लावली जाते. इंग्रजी ग्रंथव्यवहारात या वर्गातील पुस्तकांना ‘इन्स्पिरेशनल’ म्हणतात. मराठीत ‘प्रेरणादायी’ म्हटले की थोरांची चरित्रे किंवा यशोगाथा डोळ्यांसमोर येतात. मूळ संज्ञेचा रोख मात्र प्रॉटेस्टंट, त्यातही मुख्यतः इव्हँजेलिकल (बायबलचे प्रामाण्य व वैयक्तिक हृदयपरिवर्तन यांवर भर देणाऱ्या), श्रद्धेकडे असल्यामुळे येथे ‘धर्मप्रेरित’ हा शब्द योजला आहे.

‘सरहद्द’ या शब्दाचाही येथील अर्थ वेगळा आहे. दोन राज्यांमधील सीमारेषा असा त्याचा अर्थ नसून, गोऱ्या वसाहतकारांच्या वस्तीची पश्चिमेकडे सरकत जाणारी कड असा तो आहे. १८९० च्या जनगणनेच्या अहवालाने अशी सलग कड आता दाखवता येत नाही असे नमूद केले आणि त्याचा आधार घेऊन फ्रेडरिक जॅक्सन टर्नर या इतिहासकाराने १८९३ मध्ये शिकागो येथे, अमेरिकन समाजाची घडण या सरहद्दीनेच केली, हा आपला प्रसिद्ध सिद्धांत मांडला. या प्रकारातील बहुसंख्य कादंबऱ्यांचा काळ ढोबळमानाने १८४० ते १९०० असा धरता येतो; त्याआधीच्या केंटकी-टेनेसीतील किंवा विसाव्या शतकाच्या आरंभीच्या कथाही काही अभ्यासक यातच समाविष्ट करतात.

उगमाविषयी मतभेद आहेत. जॅनेट ओक (जन्म १९३५) या कॅनडातील अल्बर्टा प्रांतात जन्मलेल्या लेखिकेची ‘लव्ह कम्स सॉफ्टली’ ही कादंबरी मिनेसोटातील बेथनी हाउस या प्रकाशनसंस्थेने १९७९ मध्ये प्रसिद्ध केली आणि तेच या प्रकाराचे आरंभवर्ष मानण्याचा प्रघात पडला आहे. डॅनिएल सिलिमन या अभ्यासकाने २०२१ मधील आपल्या ग्रंथात इव्हँजेलिकल कादंबरीच्या बाजारपेठेची चर्चा याच पुस्तकापासून सुरू केली आहे. ग्रंथव्यवहाराच्या दृष्टीने हे मत ग्राह्य आहे. कारण ख्रिस्ती पुस्तकविक्रेत्यांच्या दुकानांत प्रणयकादंबरीला स्वतंत्र फळी मिळाली ती या यशानंतरच. परंतु वाङ्मयप्रकार म्हणून पाहिल्यास त्याचे धागे बरेच मागे जातात. पाळक असलेल्या राल्फ कॉनर (१८६०–१९३७) याच्या कॅनडातील खाणवस्त्यांच्या आणि पशुपालकांच्या कथा एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस लोकप्रिय झाल्या होत्या. हॅरल्ड बेल राइट (१८७२–१९४४) हाही धर्मोपदेशकच होता आणि त्याच्या ओझार्क डोंगराळ भागातील कथेत श्रद्धा, प्रेम व भूप्रदेश एकमेकांत गुंफलेले दिसतात. ग्रेस लिव्हिंगस्टन हिल (१८६५–१९४७) हिने शंभरांहून अधिक कादंबऱ्या लिहिल्या. त्यांपैकी थोड्याच पश्चिमेत घडत असल्या, तरी प्रेमाची कबुली आणि देवाला शरण जाणे या दोन गोष्टी एकाच कथावळणावर आणण्याची तिची पद्धत पुढील लेखिकांनी जवळजवळ जशीच्या तशी उचलली. कॅथरीन मार्शल (१९१४–८३) हिची १९६७ मधील ‘क्रिस्टी’ ही १९१२ सालच्या ॲपलेशियन डोंगरांत शिकवायला गेलेल्या तरुणीची कथा या दोन टप्प्यांमधला दुवा ठरते. ख्रिस्ती कादंबरीसाठी १९९९ मध्ये स्थापन झालेल्या पुरस्काराला याच कादंबरीचे नाव देण्यात आले.

तिसरे मत अप्रत्यक्षपणे जेन टॉम्पकिन्स या समीक्षिकेच्या विवेचनातून पुढे येते. ‘वेस्टर्न’ म्हणून ओळखली जाणारी बंदूक आणि घोडेस्वारांची पुरुषी कथा ही एकोणिसाव्या शतकातील स्त्रियांच्या घरगुती, धर्मनिष्ठ कादंबरीविरुद्ध उमटलेली प्रतिक्रिया होती, असे तिने १९९२ मध्ये प्रतिपादन केले. हे मान्य केले तर धर्मप्रेरित सरहद्दकथा म्हणजे त्या हद्दपार झालेल्या घराचे, स्वयंपाकघराचे आणि प्रार्थनेचे त्याच माळरानावर झालेले पुनरागमन ठरते. १९७९ हे प्रकाशनाचे वर्ष म्हणून स्वीकारून उगम मात्र या जुन्या प्रवाहात शोधणे अधिक सयुक्तिक वाटते.

या प्रकाराचे सर्वांत ठळक कथासूत्र ‘आधी लग्न, मग प्रेम’ हे होय. ओक यांच्या कादंबरीत पश्चिमेकडे निघालेल्या मार्टी या तरुणीचा नवरा अपघातात मरतो. दफनाच्याच दिवशी शेजारचा एक विधुर तिला लग्नाची मागणी घालतो. त्याच्या लहान मुलीला आईची गरज आहे, आणि फिरतीवरचा उपदेशक पुढे निघून गेला तर लवकर परतणार नाही. वसंतात पूर्वेकडे जाणारा गाड्यांचा तांडा आल्यावर तिला जायचे असेल तर भाडे तो देईल. अट एवढीच, की मुलीलाही तिने बरोबर न्यावे. पुढची सगळी कथा म्हणजे त्या हिवाळ्याची कथा आहे. नवरा रोज सकाळी न्याहारीपूर्वी बायबल वाचून मोठ्याने प्रार्थना करतो, आणि ज्या देवाशी तो इतक्या सहजपणे बोलतो तो कोण, हा प्रश्न नायिकेच्या मनात प्रेमाच्याही आधी उमटतो.

आधुनिक अमेरिकन वाचकाला हे सूत्र कृत्रिम वाटण्याचा संभव असतो. ठरवून झालेल्या लग्नांची परंपरा असलेल्या मराठी वाचकाला ते तितके परके वाटू नये. ऐतिहासिक आधारही त्याला भक्कम आहे. वायव्येकडील ऑरेगन प्रदेशातील जमिनीविषयी १८५० मध्ये झालेल्या कायद्याने, आधीच वस्ती केलेल्या अविवाहित पुरुषाला ३२० एकर, तर विवाहित जोडप्याला ६४० एकर जमीन देऊ केली. त्यांतील निम्मी जमीन पत्नीच्या स्वतःच्या नावावर होत असे. साहजिकच जमिनीसाठी घाईने लग्ने झाली आणि त्यांत कोवळ्या वयाच्या मुलीही होत्या. कादंबऱ्यांनी घाईचे लग्न घेतले, पण कोवळ्या वयाची ही बाजू जवळजवळ वगळली, हे नोंदवणे आवश्यक आहे. १८६२ च्या होमस्टेड कायद्याने १६० एकर जमीन पाच वर्षांच्या वास्तव्याच्या व मशागतीच्या अटीवर देऊ केली आणि अविवाहित स्त्रिया व विधवा यांनाही स्वतःच्या नावाने दावा करण्याची मुभा दिली. विवाहितेला मात्र सहसा ती नव्हती. जमीन राखावी की लग्न करावे, हा नायिकेपुढचा पेच या तरतुदीतूनच निर्माण होतो.

लाकूड दुर्मिळ असलेल्या माळरानावरचे घर म्हणजे गवताच्या मुळांनी घट्ट धरलेल्या मातीचे तुकडे नांगराने कापून विटांसारखे रचलेले मातीघर. त्याच्या छतातून माती झडत असे, पाऊस थांबल्यानंतरही आत पाणी ठिबकत राही आणि अन्नात माती पडू नये म्हणून गृहिणी आढ्याखाली मलमलीचे कापड ताणून बांधीत. चांगल्या लेखिकांच्या हाती हे कापड नायिकेच्या संसाराची पहिली खूण बनते.

मिशनच्या इतिहासातही असे विवाह आढळतात. नार्सिसा प्रेंटिस (१८०८–४७) हिला मिशनकार्यासाठी जायचे होते, परंतु अमेरिकन बोर्ड ही मिशनरी पाठवणारी संस्था एकट्या स्त्रीला पाठवण्यास अनुकूल नव्हती. डॉक्टर मार्कस व्हिटमन याच्याशी फारशी ओळख नसताना तिचे लग्न ठरले, १८ फेब्रुवारी १८३६ रोजी ते झाले आणि दुसऱ्याच दिवशी दोघे पश्चिमेकडे निघाले. हीच संस्था १८१३ पासून मुंबईत कार्यरत होती. तिच्या येथील शाखेला पुढे अमेरिकन मराठी मिशन हे नाव मिळाले. व्हिटमन दांपत्याने ऑरेगनच्या वाटेवर आईवडील गमावलेली सेगर कुटुंबाची सात मुले सांभाळली. १८४७ मध्ये गोवराच्या साथीने केयूस या तेथील मूळ रहिवाशांच्या जमातीतील अनेकांचा बळी घेतल्यानंतर त्या जमातीतील काहींनी २९ नोव्हेंबर रोजी या दोघांची व इतरांची हत्या केली. विवाह, अनाथ मुले आणि श्रद्धा हे त्या जीवनातील तीन घटक कादंबऱ्यांत पुन्हापुन्हा येतात, तर मिशनच्या वस्तीबरोबर आलेला रोग फारसा येत नाही.

पत्रव्यवहारातून ठरलेली वधू हे दुसरे आवडते सूत्र आहे. त्याच्या जवळची घटना म्हणून एसा मर्सर याने १८६४ व १८६६ मध्ये पूर्वेकडील स्त्रियांना सिॲटलला आणल्याचे उदाहरण दिले जाते. पहिल्या तुकडीतील स्त्रिया प्रामुख्याने लोवेल या गिरणीगावच्या होत्या. यादवी युद्धामुळे कापूस येईनासा होऊन तेथील गिरण्या बंद पडल्या होत्या.

श्रद्धेच्या धाग्यासाठी बायबलमधील कथांचे साचे वापरले जातात. रूथ ही विधवा आणि तिच्याशी लग्न करणारा बवाज यांची कथा विधवा नायिकेला सहज लागू पडते. फ्रान्सीन रिव्हर्स हिने होशेय संदेष्टा आणि त्याची व्यभिचारी पत्नी गोमर यांची कथा १८५० च्या सुमाराच्या कॅलिफोर्नियातील सोन्याच्या खाणींच्या प्रदेशात नेली. तिची कादंबरी १९९१ मध्ये सर्वसाधारण प्रकाशनसंस्थेकडून आणि १९९७ मध्ये सुधारित रूपात ख्रिस्ती प्रकाशनसंस्थेकडून निघाली. वेश्यागृहातील नायिकेचे इतके मोकळे चित्रण अपवादात्मकच म्हणावे लागेल. एरवी शरीरसंबंधांचे वर्णन आणि शिवीगाळ वर्ज्य असते, आणि पश्चात्ताप, क्षमा व कृपा यांपैकी एखाद्या अनुभवातून गेल्याशिवाय नायक-नायिकेचे मीलन पूर्ण होत नाही. हा धागा उपदेशासारखा वरून चिकटवला तर कथा कोलमडते. नायिकेच्या दुःखातूनच तो निघाला तर अश्रद्ध वाचकही तिच्याबरोबर चालतो.

१९९० च्या दशकात या प्रकाराचा वेगाने विस्तार झाला. टपालाने पुस्तके पाठवणारी ‘हार्टसाँग प्रेझेंट्स’ ही माला १९९२ मध्ये निघाली. हार्लेक्विन या प्रणयकादंबऱ्यांच्या प्रकाशनसंस्थेने ‘लव्ह इन्स्पायर्ड हिस्टॉरिकल’ ही माला २००८ मध्ये काढली व २०१८ मध्ये बंद केली. ओक यांच्या पहिल्या कादंबरीवर २००३ मध्ये हॉलमार्क वाहिनीसाठी चित्रपट झाला.

मूळ रहिवाशांचे चित्रण हा या प्रकारातील सर्वांत गंभीर प्रश्न होय. ‘मोकळी जमीन’ हे वसाहतकारांचे शब्द कथेने गृहीत धरले की त्या जमिनीवरून हुसकावलेले लोक एकतर धोका म्हणून उरतात किंवा धर्मांतराचे विषय म्हणून. २९ डिसेंबर १८९० रोजी वुंडेड नी येथे अमेरिकन घोडदळाने लाकोटा या मूळ रहिवासी जमातीतील स्त्री-पुरुष व मुले मिळून अडीचशेहून अधिक लोकांना ठार केले. त्या हत्याकांडात सहभागी झालेल्या अधिकाऱ्याला नायक करून त्याच्या पश्चात्तापाची कथा सांगणाऱ्या कादंबरीला अमेरिकेतील प्रणयकथालेखकांच्या संघटनेने २०२१ मध्ये पुरस्कार दिला आणि तीव्र आक्षेपांनंतर काही दिवसांतच तो मागे घेतला. पापी माणसाला क्षमा मिळते हे या प्रकाराचे मूळ सूत्रच असल्याने हा वाद एका पुस्तकापुरता राहिला नाही: ज्यांच्यावर अन्याय झाला त्यांना कथेत आवाज नसताना ती क्षमा कोणाच्या वतीने दिली जाते, हा टीकाकारांचा मुद्दा होता व तो रास्त आहे. कॅन्ससमधील निकोडेमससारख्या, १८७७ मध्ये कृष्णवर्णीयांनी वसवलेल्या गावांनाही या कादंबऱ्यांत फार थोडी जागा मिळाली आहे.

वाचकवर्गाचा अभ्यास लिन नील हिने केला असून तिचा ग्रंथ २००६ मध्ये प्रसिद्ध झाला. इव्हँजेलिकल स्त्रिया ही पुस्तके केवळ करमणूक म्हणून नव्हे, तर दैनंदिन उपासनेला पूरक म्हणून वाचतात, असे तिला मुलाखतींतून आढळले. मराठीत बाबा पदमनजी यांच्या ‘यमुनापर्यटन’ (१८५७) या कादंबरीत वैधव्य, ख्रिस्ती धर्माचा स्वीकार आणि पुनर्विवाह हे तीन टप्पे एकत्र आले आहेत. मात्र तिचा रोख प्रणयापेक्षा विधवांच्या स्थितीच्या सुधारणेकडे आहे.