स्वतःचा पीडीएस: पोस्टी घरी आल्या, ओळखीची नोंद कुठे राहिली?

ब्लूस्काय या ट्विटरसारख्या सोशल नेटवर्कसाठी स्वतःचा पीडीएस, म्हणजे आपल्या पोस्टी ठेवणारा सर्वर, चालवायचा विषय निघाला की गाडी हमखास पीएलसीवर, म्हणजे अकाउंटच्या ओळखीच्या नोंदवहीवर, येऊन अडकते आणि मग तिथेच भांडण सुरू. ते भांडण नेमकं कशावरून आहे हे कळायला थोडं मागे जावं लागतं, फार नाही.

सोशल मीडिया स्वतःच्या सर्वरवर चालवायची आयडिया तशी जुनीच. २००८ मध्ये आयडेंटिका, २०१० मध्ये डायस्पोराचे पॉड, २०१६ मध्ये मॅस्टोडॉन, आणि जानेवारी २०१८ मध्ये अशा सर्वरना एकमेकांशी बोलू देणारं अ‍ॅक्टिव्हिटीपब हे अधिकृत वेब स्टँडर्ड झालं. आपल्याकडे मॅस्टोडॉन हे नाव बऱ्याच जणांनी पहिल्यांदा ऐकलं ते नोव्हेंबर २०१९ मध्ये, सुप्रीम कोर्टातल्या एका वकिलाचं ट्विटर अकाउंट सस्पेंड झालं आणि भारतातून लोंढाच तिकडे गेला तेव्हा. मॅस्टोडॉनची एक अडचण मात्र कधी नीट सुटलीच नाही. तुमचं नाव तुमच्या सर्वरला चिकटलेलं असतं. सर्वर बदलला तर फॉलोअर नेता येतात पण जुन्या पोस्टी तिथेच राहतात, आणि फॉलोअर न्यायलासुद्धा जुना सर्वर जिवंत लागतो, म्हणजे अ‍ॅडमिनने कंटाळून एका रात्रीत गाशा गुंडाळला की तुम्ही शून्यावर.

ब्लूस्काय ज्यावर चालतं त्या एटी प्रोटोकॉलची सगळी रचना या एका दुखण्यावर उपाय म्हणून झालीये असं म्हटलं तरी चालेल. डिसेंबर २०१९ मध्ये ट्विटरच्या तेव्हाच्या सीईओने जास्तीत जास्त पाच जणांची ब्लूस्काय नावाची टीम पोसायची घोषणा केली, मे २०२२ मध्ये एडीएक्स नावाने पहिला कोड बाहेर आला, ऑक्टोबरमध्ये त्याचंच एटी प्रोटोकॉल असं बारसं झालं आणि त्याच महिन्यात ट्विटर विकलं गेलं. तोपर्यंत ब्लूस्काय वेगळी कंपनी झाली होती म्हणून वाचली. २०२३ भर इन्व्हाइट कोडची मारामारी चालली, ती बऱ्याच जणांना आठवत असेल.

त्या काळात डीसेंट्रलाइज्ड हा शब्द नुसता जाहिरातीत होता. सगळी अकाउंटं कंपनीच्या एकाच पीडीएसवर होती. नोव्हेंबर २०२३ च्या आसपास कंपनीने ती फोडून बऱ्याच पीडीएसवर वाटली आणि प्रत्येक सर्वरला अळंबीचं नाव दिलं, मोरेल, एनोकी, ऑयस्टर वगैरे. युजरला पत्ताही लागला नाही. माझ्या मते खरी परीक्षा इथेच पास झाली, लाखो अकाउंटं एका मशीनवरून दुसऱ्यावर गेली आणि कुणाचा एक फॉलोअर तुटला नाही. याच सुमारास प्रत्येक अकाउंटला स्वतःची वेगळी एसक्यूलाइट फाइल मिळाली, त्याआधी एकच मोठा डेटाबेस होता. आज घरी पीडीएस टाकणाऱ्याला एक जीबी रॅम पुरते त्यात या बदलाचा मोठा वाटा आहे.

६ फेब्रुवारी २०२४ ला इन्व्हाइट बंद होऊन दार सगळ्यांना उघडलं आणि २२ फेब्रुवारीला सेल्फ-होस्टिंग सुरू झालं. सुरुवातीच्या अटी भारी होत्या, एका पीडीएसवर १० च अकाउंटं आणि वर अ‍ॅडमिनने डिस्कॉर्डवर येऊन नोंदणी करायची. विकेंद्रित नेटवर्कमध्ये शिरायला डिस्कॉर्डवर हजेरी, यावर लोक पोटभर हसले. नंतर डिस्कॉर्डची अट गेली.

इन्स्टॉलेशनमध्ये लिहिण्यासारखं फार नाही. उबुंटू किंवा डेबियनची व्हीपीएस (भाड्याचा ऑनलाइन सर्वर), एक वाइल्डकार्ड डीएनएस नोंद, ८० आणि ४४३ पोर्ट, स्क्रिप्ट चालवली की डॉकरमध्ये कॅडी हा वेब सर्वर आणि पीडीएस उभे राहतात. आपल्याकडे घरच्या फायबरवर बहुतेक वेळा सीजीनॅट असतं, म्हणजे बाहेरून थेट घरच्या सर्वरपर्यंत पोचता येत नाही, त्यामुळे लोक व्हीपीएसच घेतात नाहीतर टनेल लावतात. ईमेल पाठवायची सोय मात्र वेगळी जोडावी लागते, अन् तीच सगळ्यात जास्त जणांची राहून जाते. सगळं झाल्यावर ब्राउजरमध्ये डोमेन उघडलं तर ना लॉगिन, ना टाइमलाइन, हा एटी प्रोटोकॉलचा पर्सनल डेटा सर्वर आहे अशी साध्या मजकुरातली ओळख तेवढी दिसते. नवीन माणसाला वाटतं काहीतरी बिघडलंय. बिघडलेलं काही नसतं, पीडीएसचं काम गोदामाचं, दुकान दुसरीकडे असतं.

आता पीएलसी. अकाउंटची खरी ओळख म्हणजे हँडल, म्हणजे @ लावून दिसणारं नाव, नव्हे, तर डीआयडी हा कायमचा ओळख क्रमांक: did:plc: आणि पुढे २४ अक्षरांची न वाचता येणारी माळ. या डीआयडीचा पीडीएस सध्या कुठे, हँडल कुठलं, सहीच्या कुठल्या डिजिटल चाव्या चालतात, हे सगळं एका डिरेक्टरीत लिहिलेलं असतं. आणि ती डिरेक्टरी एकच, कंपनीने चालवलेली. आधी पीएलसी म्हणजे प्लेसहोल्डर होतं, तात्पुरतं काहीतरी करू, नंतर बरं सापडलं की बदलू या हिशोबाने. बदललं काय, तर लाँगफॉर्म. आता म्हणे पब्लिक लेजर ऑफ क्रेडेन्शियल्स. तात्पुरत्या गोष्टी कायमच्या होतात यात नवल नाही, पण इथे कोट्यवधी अकाउंटं त्यावर उभी राहिली.

जमीन तुमची, पीक तुमचं, पण सातबारा तलाठ्याच्या दप्तरात, असा हा प्रकार. प्रत्येक बदल फेरफारासारखा एकाखाली एक चढतो, जुनी नोंद खोडली जात नाही, कुणीही अख्खा इतिहास उघडून बघू शकतो. हरकतीची मुदतसुद्धा आहे, ७२ तास, तेवढ्यात वरच्या क्रमाच्या चावीने खालच्या चावीने केलेला बदल उलटवता येतो. टीका करणारे एक गोष्ट सोयीस्कर विसरतात की दप्तर सांभाळणारा खोटा फेरफार करू शकत नाही, कारण प्रत्येक नोंदीवर अकाउंटच्या रोटेशन की ची, म्हणजे नोंद बदलायचा अधिकार असलेल्या चावीची, सही लागते. पण समर्थकही हे हळूच गिळतात की नोंद घ्यायला नकार देणं, उशीर लावणं किंवा दप्तरच बंद ठेवणं हे त्याच्या हातात आहेच.

पर्याय नव्हता असं नाही. डीआयडी वेब नावाची पद्धत पहिल्यापासून चालते, त्यात तुमचं डोमेन हीच ओळख, मधे डिरेक्टरी नाही. कट्टर सेल्फ-होस्टवाले तीच वापरतात. तिची किंमत अशी की डोमेनचं रिन्यूअल विसरलात तर ओळखच गेली, परत मिळवायचा रस्ता नाही. पीएलसीत डोमेन गेलं तर हँडलच्या जागी नुसतं इनव्हॅलिड दिसतं, अकाउंट, फॉलोअर, पोस्टी जागच्या जागी. ब्लॉकचेनवर टाका म्हणणारेही होते, ते कंपनीने केलं नाही आणि बरं केलं. सामान्य माणसाचा विचार करून पीएलसी निवडलं हे पटतं, पण मग पहिल्या दिवसापासून ती डिरेक्टरी कंपनीबाहेर का नाही ठेवली याचं समाधानकारक उत्तर माझ्या तरी वाचनात नाही.

सेल्फ-होस्ट करणाऱ्यासाठी यातला कळीचा मुद्दा वेगळाच आहे. रोटेशन की डिफॉल्टने पीडीएसकडेच असते. कंपनीच्या सर्वरवर असाल तर कंपनीकडे, म्हणूनच तिथून निघताना ईमेलवर आलेला कोड टाकून कंपनीच्या पीडीएसकडून सही घ्यावी लागते. स्वतःच्या सर्वरवर आलात की ती चावी तुमच्या पीडीएसच्या ईएनव्ही (सेटिंगच्या) फाइलमध्ये, ६४ अक्षरांची एक ओळ. लोक अकाउंटच्या फाइलींचा, फोटोंचा बॅकअप घेतात आणि ही ओळ विसरतात. डिस्क गेली तर पोस्टींची कॉपी इतर कुणाकडून मिळेलही, पण आपला पीडीएस आता दुसरीकडे आहे हे डिरेक्टरीला सांगायला चावीच नसेल तर ओळख कायमची मेलेल्या सर्वरकडे बोट दाखवत बसते. वरच्या क्रमाची स्वतःची वेगळी चावी आधीच नोंदवून कागदावर लिहून ठेवणारे लोक मूठभर.

मे २०२४ मध्ये डीएम, म्हणजे खाजगी मेसेज, आले तेही पीडीएसवर नाहीत, ते सरळ कंपनीच्या सर्वरवर जातात. म्हणजे माझा डेटा माझ्याकडे हे वाक्य तिथेच अर्धं झालं. त्याच वर्षी जुलैत आपल्याकडचं एक देशी मायक्रोब्लॉगिंग अ‍ॅप बंद पडलं, तिथलं अकाउंट उचलून दुसरीकडे न्यायची सोय नव्हती, तेव्हा मराठीत तिथे लिहिणाऱ्यांना हा सगळा खटाटोप कशासाठी ते निदान समजलं असेल.

ऑगस्ट २०२४ च्या शेवटी ब्राझीलमध्ये एक्सवर बंदी आली, नोव्हेंबरमध्ये अमेरिकेची निवडणूक झाली, आणि ब्लूस्काय दोन कोटींच्या पुढे गेलं. त्याच नोव्हेंबरात अ‍ॅक्टिव्हिटीपबच्या लेखकांपैकी एकीने लांबलचक लेख लिहून याला डीसेंट्रलाइज्ड म्हणूच नका, फार तर बाहेर पडायची खात्रीची वाट म्हणा, असं सुनावलं. पीडीएस कितीही जणांनी टाकले तरी रिले (सगळ्या पीडीएसवरच्या पोस्टी गोळा करून पुढे पाठवणारा सर्वर) आणि अ‍ॅपव्ह्यू (त्यातून अ‍ॅपला टाइमलाइन बनवून देणारा सर्वर) एकाच्याच हातात, हा तिचा मुख्य मुद्दा तेव्हा बरोबर होता. रिलेपुरता तो २०२५ मध्ये बराच ढिला पडला, पूर्ण इतिहास न साठवणारा रिले महिना तीस-पस्तीस डॉलरच्या मशीनवर चालायला लागला. अ‍ॅपव्ह्यू अजून महागच आहे. पीडीएस तुमचा असला तरी कंपनीच्या अ‍ॅपव्ह्यूने अकाउंट झाकलं तर अधिकृत अ‍ॅपमध्ये तुम्ही दिसत नाही. उलट बाजूने, ऑगस्ट २०२५ मध्ये वयाच्या पडताळणीच्या कायद्यामुळे कंपनीने मिसिसिपीत अ‍ॅप बंद केलं तेव्हा त्याच नेटवर्कवरचे दुसऱ्यांचे क्लायंट त्या बंदीत आले नाहीत.

सप्टेंबर २०२५ मध्ये कंपनीने जाहीर केलं की पीएलसी डिरेक्टरी आता स्वित्झर्लंडमध्ये नोंदवलेल्या वेगळ्या संस्थेकडे जाणार. देश बदलला, दप्तर एकच. नवीन नोंदी घ्यायचा अधिकार त्या एकाच डिरेक्टरीकडे राहतो, इतरांना अख्खी कॉपी ठेवून ती पडताळता येते, आणि आज पीडीएस टाकणाऱ्याच्या ईएनव्ही फाइलमध्ये यामुळे एक अक्षरही बदलत नाही.