टार, सीपीआयओ आणि पॅक्सचा फसलेला तह

'टार एक्सझेडएफ' (tar xzf, बऱ्याच फाइलींचा एकत्र बांधलेला गठ्ठा, म्हणजे आर्काइव्ह, उलगडायची युनिक्स-लिनक्सची कमांड) ही अक्षरं आपल्या बोटांना पाठ असतात, डोक्याला नाही. कोणी अर्थ विचारला की गाडी अडते. कमांड वापरायची कशी हे सगळ्यांना माहितीय म्हणून ते इथे परत सांगत बसत नाही, ती अशी तिरपागडी का झाली तेवढंच लिहितो.

नावातच टेप आहे, टेप आर्काइव्ह. जानेवारी १९७९ मध्ये युनिक्सची सातवी आवृत्ती आली तिच्याबरोबर टार आलं. त्याआधी टॅप आणि टीपी नावाची दोन टूल्स होती, ती आता इतिहासजमा, त्यांच्याबद्दल फार बोलण्यासारखं काही नाही. मुद्दा टेपचा आहे. टेप सरळ पुढे वाचत जायची, मधेच उडी मारायची म्हणजे रीळ फिरवत बसा. म्हणून टारमध्ये अनुक्रमणिका नावाचा प्रकारच नाही. प्रत्येक फाइलच्या आधी ५१२ बाइट्सचा हेडर (फाइलचं नाव, आकार वगैरे), मग फाइलचा मजकूर, तो ५१२ च्या पटीत बसावा म्हणून शेवटी शून्यं भरायची, मग पुढचा हेडर, आणि सगळं संपलं की ५१२-५१२ बाइट्सचे शून्यांचे दोन ब्लॉक. बास एवढंच. आजही मोठ्या टारबॉलमधली, म्हणजे टारने बांधलेल्या गठ्ठ्यातली, एकच छोटी फाइल हवी असली तरी अख्खी फाइल चाळली जाते ते यामुळेच (झिपमध्ये यादी शेवटी असते, पण झिप आलं १९८९ ला, ते डिस्कच्या जमान्यातलं).

टेपवर दोन रेकॉर्डच्या मधे थोडी जागा रिकामी सोडावी लागायची, तुकडे छोटे असले तर बरीचशी टेप त्या रिकाम्या जागेतच जायची, म्हणून २० ब्लॉक एकत्र करून एकदम लिहायची पद्धत पडली. आपल्यातल्या बहुतेकांनी टेप हातात पण घेतलेली नसेल, तरी लिनक्सवर पाच अक्षरांची एक फाइल टार करून बघा, आर्काइव्ह बरोबर १०२४० बाइट्सचं निघतं. २० गुणिले ५१२. टेप गेली पण तिचं माप राहिलं. तसंच 'एफ' या अक्षराचं. मुळात आर्काइव्ह टेप ड्राइव्हवरच जाणार हे गृहीत होतं, फाइलमध्ये हवं असेल तर ते वेगळं सांगायचं, त्यासाठी एफ. म्हणजे आज जे शंभरातल्या शंभर वेळा लागतं ते तेव्हा अपवाद म्हणून ठेवलं होतं.

आता डॅशची भानगड. टार डॅशशिवायही चालतं आणि डॅश लावूनही, आणि दोन्हीचे नियम वेगळे आहेत हे कित्येकांना दहा वर्षं वापरूनही माहीत नसतं. जुन्या पद्धतीत पहिला शब्द म्हणजे अक्षरांची जुडी, ज्या ज्या अक्षराला पुढे काही हवं असेल त्याला ते क्रमाने मिळत जातं. त्यामुळे 'सीएफझेड' (सी म्हणजे नवं आर्काइव्ह करा, झेड म्हणजे कॉम्प्रेस करा) लिहा नाहीतर 'सीझेडएफ', फरक पडत नाही. डॅश लावला की एफला चिकटून जे येईल तेच फाइलचं नाव, म्हणजे 'डॅश सीएफझेड' लिहिलंत तर 'झेड' नावाची फाइल तयार होते आणि वर कॉम्प्रेशन पण होत नाही. याहून वाईट म्हणजे एफनंतर आर्काइव्हचं नाव द्यायचं विसरून थेट स्टार (*, म्हणजे सगळ्या फाइली) टाकणं. शेल (कमांड वाचून चालवणारा प्रोग्रॅम) त्या स्टारची यादी करून देतो आणि यादीतली पहिली फाइल म्हणजेच आर्काइव्ह असं समजून टार तिच्यावरच लिहून मोकळं होतं. मी हे एकदा केलंय, एकदाच केलंय, फाइल माझीच होती म्हणून कोणाला बोलायची सोय पण नव्हती.

खरा घोळ मात्र टार विरुद्ध सीपीआयओ (आर्काइव्ह करणारीच दुसरी कमांड) हा. सीपीआयओ १९७७ च्या सुमाराचं, म्हणजे वयाने टारपेक्षा थोडं मोठंच, पण बाहेर पोचलं ते ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला व्यावसायिक युनिक्सबरोबर. विद्यापीठांकडच्या लोकांच्या हातात टार, कंपन्यांच्या बाजूला सीपीआयओ, आणि दोघांनाही आपलंच बरोबर वाटायचं. सीपीआयओवाल्यांचं म्हणणं अगदी चुकीचं नव्हतं. सुरुवातीच्या टारला डिव्हाइस फाइल्स (डिस्क, टर्मिनल अशा उपकरणांच्या नोंदी) साठवता येत नव्हत्या, रिकामे फोल्डर पण नाही, म्हणजे पूर्ण सिस्टिमचा बॅकअप त्यात होणारच नाही. पण सीपीआयओचा जुना बायनरी हेडर ज्या मशीनवर लिहिला त्याच्या बाइट-क्रमात (आकड्यातले बाइट्स कुठल्या बाजूने मांडायचे तो क्रम) लिहिला जायचा, दुसऱ्या जातीच्या मशीनवर नेला की वाचताना बोंब. शिवाय फाइलींची नावं बाहेरून ओतायची, आधी फाइंड (फाइली शोधणारी कमांड) चालवा, मग पाइप लावून ती यादी सीपीआयओला द्या. टारला नुसतं फोल्डरचं नाव दिलं की काम झालं. मला विचाराल तर माणसांनी निवड तिथेच केली होती, बाकीचा वाद कागदावरचा.

१९८८ च्या पॉझिक्स (सगळ्या युनिक्सांनी सारखं वागावं म्हणून केलेल्या) स्टँडर्डने कोणालाच दुखावलं नाही, दोन्ही फॉरमॅट घेतले. त्यातल्या टारच्या सुधारित रूपाला यूस्टार म्हणतात. कमांड कोणती ठेवायची हा प्रश्न पुढे ढकलला आणि १९९२ च्या भागात त्याचं उत्तर आलं ते पॅक्स. दोन्ही फॉरमॅट वाचणारी, लिहिणारी तिसरीच कमांड. लॅटिनमध्ये पॅक्स म्हणजे शांती, आणि हा दोन बाजूंमधला शांततेचा तोडगा आहे असं स्टँडर्डमध्येच लिहून ठेवलंय. थोडक्यात तह झाला. पण हा तह दोन्ही बाजूंच्या सैन्याला कोणी कळवलाच नाही. लोक टारच लिहित राहिले. १९९७ मध्ये युनिक्सच्या स्पेसिफिकेशनमध्ये टार आणि सीपीआयओ या दोन्ही कमांडवर 'जुनं, टाळा' असा शिक्का बसला आणि २००१ मध्ये दोन्ही बाहेर. कागदोपत्री बघायचं तर जगातली सगळ्यात जास्त वापरली जाणारी आर्काइव्ह कमांड आज स्टँडर्डमध्ये नाहीच आणि जी आहे ती कित्येक लिनक्स डिस्ट्रोंवर वेगळी इन्स्टॉल करावी लागते.

गंमत पुढे आहे. त्याच २००१ च्या स्टँडर्डमध्ये पॅक्स नावाचा नवा फॉरमॅट आला आणि तो बांधला टारच्याच हेडरवर, जादा माहिती एका वेगळ्या नोंदीत टाकून. म्हणजे नाव पॅक्सचं, हाडं टारची. यूस्टारच्या मर्यादा खरंच जाच करणाऱ्या होत्या. फाइलचं नाव १०० बाइट्स, पुढे जोडायला मार्गासाठी १५५ बाइट्स, तेही स्लॅशवरच तोडायचं, आणि आकार ११ ऑक्टल (आठच्या पायातल्या) अंकांत लिहायचा म्हणून ८ जीबीच्या आतच. देवनागरीत नावं देणाऱ्यांना हे जास्त लागतं कारण यूटीएफ-८ (अक्षरं बाइट्समध्ये लिहायची पद्धत) मध्ये आपलं प्रत्येक चिन्ह ३ बाइट्स खातं. 'महाराष्ट्र' हा एक शब्द १० चिन्हांचा म्हणजे ३० बाइट्स, तीनदा लिहिला की ९०, शंभरी भरत आली. पॅक्स फॉरमॅटमध्ये लांबीची ही अडचण गेली आणि नावं यूटीएफ-८ मध्ये हेही ठरलं. जीनू टारने (लिनक्सवर सहसा असतं ते टार) त्याआधीच आपला वेगळा जुगाड करून ठेवला होता, लांब नावासाठी एक खोटीच नोंद आधी घालायची. हा जुगाड इतका मुरलाय की मॅन्युअलमध्ये 'पुढे कधीतरी पॉझिक्स फॉरमॅटवर जाऊ' असं कित्येक वर्षं लिहिलेलं आहे. कधी जुन्या टूलने एखादा टारबॉल उलगडल्यावर 'पॅक्स ग्लोबल हेडर' नावाची भलतीच फाइल पडलेली दिसली तर ती या भांडणातली उरलेली निशाणी समजा, गिटने (कोडच्या आवृत्त्या सांभाळणाऱ्या टूलने) ती नोंद घातलेली असते आणि जुन्या टारला ती कळत नाही.

सीपीआयओ मेलं असं नाही बरं का, आरपीएम (लिनक्सवर सॉफ्टवेअर बसवायच्या) पॅकेजच्या पोटात आणि लिनक्स बूट होताना लागणाऱ्या इनिटरॅमएफएसमध्ये ते बसलेलं आहे. फक्त हाताने कोणी टाइप करत नाही.

कॉम्प्रेशनची अक्षरं हा वेगळा पसारा. आधी कॉम्प्रेस नावाचं टूल होतं, त्याच्या फाइलींना मोठा झेड. त्याच्यातल्या पद्धतीवर पेटंट निघालं म्हणून ऑक्टोबर १९९२ मध्ये जीझिप आलं आणि मोठा झेड आधीच गेलेला असल्याने टारमध्ये त्याला छोटा मिळाला. ते पेटंट अमेरिकेत जून २००३ ला संपलं, तोवर कॉम्प्रेसला कोणी विचारत नव्हतं. बीझिप२ या कॉम्प्रेशन टूलला जीनू टारमध्ये आधी मोठा आय होता, सोलॅरिस या दुसऱ्या युनिक्सवर त्याच अक्षराचा अर्थ वेगळा, मग बदलून छोटा जे केला आणि जुन्या स्क्रिप्ट्स मोडल्या. एक्सझेड या आणखी एका कॉम्प्रेशन टूलच्या वाट्याला मग मोठा जे. आणि यातलं कुठलंच अक्षर फाइल उलगडताना लागत नाही, २००४ च्या १.१५ पासून जीनू टार स्वतः ओळखतं, तरी आपण झेड टाइप करतोच.

अलीकडच्या गोष्टी जास्त टोचणाऱ्या आहेत. पायथन या प्रोग्रॅमिंग भाषेच्या टार लायब्ररीतला एक धोका २००७ मध्ये नोंदवलेला, आर्काइव्हमधल्या नावात दोन टिंबं आणि स्लॅश टाकून फाइल भलत्याच फोल्डरमध्ये उतरवता यायची. डॉक्युमेंटेशनमध्ये इशारा लिहून विषय मिटवला होता, २०२२ मध्ये परत बोंबाबोंब झाली, २०२३ च्या ३.१२ मध्ये अशा नोंदी अडवणारी गाळणी आली आणि ती आपोआप चालू व्हायला २०२५ चं ३.१४ उजाडलं. मधेच जानेवारी २०२३ मध्ये एका मोठ्या कोड-होस्टिंग साइटवर आपोआप बनणाऱ्या टारबॉल्सचे चेकसम (फाइलवरून काढलेला ओळख-आकडा) एका दिवसात बदलले. आतल्या फाइली त्याच होत्या, फक्त गिटने बाहेरचं जीझिप सोडून स्वतःचं वापरायला घेतलं होतं, पण चेकसम जुळेना म्हणून जगभर बिल्ड्स (कोडपासून सॉफ्टवेअर तयार करायची कामं) पडले आणि त्याच दिवशी बदल मागे घ्यावा लागला.

आणि मार्च २०२४ चं एक्सझेड प्रकरण. ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांमध्ये मागचं दार (गुपचूप आत शिरायची वाट) बसवलेलं होतं, एसएसएच (दुसऱ्या मशीनवर लांबून) लॉगिनला अर्धा सेकंद जास्त का लागतोय हे बघताना एका इंजिनिअरला ते सापडलं. त्या दाराचा मुख्य कोड टेस्ट फाइली म्हणून गिटमध्ये पण ठेवलेला होता, पण बिल्डच्या वेळी तो जागा करणारी स्क्रिप्ट होती फक्त प्रकाशित केलेल्या टारबॉलमध्ये, गिटमधली रेपॉझिटरी (कोडचा साठा) ओळ न् ओळ वाचून काढणाऱ्याला ती दिसलीच नसती.