गावी जाताना मांजर-कुत्र्याची सोय : ठाण्यातील ग्राहकांसाठी माहितीपत्रक

गणपती, दिवाळी आणि मे महिन्याची सुट्टी या दिवसांत, घरी येऊन पाळीव प्राण्यांची देखभाल करणाऱ्या आमच्या सेवेकडे सर्वाधिक विचारणा होते. कोकणात जाणाऱ्या गाडीचे आरक्षण दोन महिने आधी झालेले असते, पण घरातल्या मांजराचे किंवा कुत्र्याचे काय करायचे, हा प्रश्न बहुतेक घरांत निघण्याच्या आदल्या आठवड्यात पुढे येतो. शेजाऱ्यांकडे किल्ली ठेवावी, प्राण्यांच्या पाळणाघरात सोडावे, की रोज घरी येऊन देखभाल करणारा पेटसिटर नेमावा, हे ठरवताना उपयोगी पडेल अशी माहिती येथे देत आहोत.

मांजर माणसापेक्षा घराला धरून राहते, असे जुनी माणसे म्हणतात, आणि आमचा अनुभवही तसाच आहे. ओळखीच्या वासाची जागा सुटली की अनेक मांजरे कपाटाखाली दडून बसतात आणि खाणे सोडतात. मांजराने, त्यातही लठ्ठ मांजराने, सलग काही दिवस खाल्ले नाही तर शरीरातील चरबी यकृतात साचू लागते आणि हा आजार जिवावर बेतू शकतो. म्हणून मांजराला हलवण्याऐवजी माणसाने त्याच्या घरी यावे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

कुत्र्यांच्या बाबतीत आम्ही इतके ठामपणे सांगणार नाही. तरुण, खेळकर आणि लसीकरण पूर्ण झालेला कुत्रा चांगल्या पाळणाघरात आनंदाने राहतो. मात्र अनेक कुत्री एकत्र असतात तेथे केनेल कफसारखा खोकल्याचा संसर्ग लवकर पसरतो. शिवाय म्हातारा कुत्रा, दृष्टी गेलेला कुत्रा, किंवा मधुमेहामुळे ज्याला दर १२ तासांनी, खाणे झाल्यावर इन्शुलिन द्यावे लागते असा कुत्रा स्वतःच्या घरीच बरा राहतो.

शेजारी प्रेमाने वाटी भरतात, याविषयी शंका नाही. पण खाणे घालणे हा या कामाचा सोपा भाग आहे. खरे काम पाहण्याचे आहे. कालच्यापेक्षा वाटीत किती उरले, लिटर बॉक्समध्ये (मांजराच्या शी-शूसाठी ठेवलेल्या, ओल धरून गोळा होणाऱ्या मातीच्या डब्यात) लघवीचे किती गोळे निघाले, शी कशी झाली, चालताना पाय उचलून धरला का, कानामागे गोचीड आहे का, याची नोंद आमचा माणूस प्रत्येक भेटीत करतो आणि फोटोसह आपल्याला पाठवतो. मागच्या पावसाळ्यात घोडबंदर रोडवरच्या एका घरी दुसऱ्या दिवशी सकाळी वाटी निम्मी रिकामी होती आणि बोका वरवर पाहता ठीक दिसत होता. परंतु तो लिटर बॉक्समध्ये पुन्हा पुन्हा जाऊन बसत होता, आणि आदल्या दिवशीच्या तीन गोळ्यांच्या जागी आज रुपयाएवढा एकच ओला डाग होता. आमच्या सहकारी ताईंनी मालकांना रत्नागिरीला फोन लावला आणि तासाभरात त्याला डॉक्टरांकडे नेले. लघवीचा मार्ग जवळजवळ बंद झाला होता. बोक्यांमध्ये हा मार्ग अरुंद असतो, आणि तो पूर्ण अडला तर एक-दोन दिवसांत जीव जाऊ शकतो.

आपोआप खाणे टाकणारे यंत्र आणून चार दिवस निघून जावे, असा विचार काही जण करतात. आमची कळकळीची विनंती आहे की, तसे करू नये. पावसाळ्यात आपल्याकडच्या दमट हवेत ड्राय फूड नरम पडते, वाटीला मुंग्या लागतात, आणि पाणी सांडले तर ते पुन्हा भरायला कोणी नसते. प्राण्याला पुरेसे अन्नपाणी न देणे हा १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यानुसार गुन्हाही आहे.

दिवाळीत आम्ही कुत्र्यांना अंधार पडण्याआधीच, गळ्यातील पट्ट्याऐवजी छातीभोवती बसणारा हार्नेस घालून फिरवून आणतो, कारण फटाक्याच्या आवाजाने बिथरलेला कुत्रा मान आवळून पट्ट्यातून सहज निसटतो. पावसात साचलेल्या पाण्यातून त्यांना नेत नाही. उंदरांच्या लघवीतून त्या पाण्यात लेप्टोचे (लेप्टोस्पायरोसिस या आजाराचे) जंतू येतात. घरी परतल्यावर पंजे बोटांच्या बेचक्यांपर्यंत कोरडे करतो.

काही कामे आम्ही घेत नाही. एकटा राहिला की दिवसभर रडणारा किंवा दार ओरबाडणारा कुत्रा असेल, तर दिवसातल्या दोन भेटींनी त्याचे भागणार नाही. त्याच्यासोबत रात्रीही घरात कोणीतरी राहायला हवे, हे आम्ही आधीच सांगतो. आपले देशी पोपट पाळणे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने निषिद्ध असल्यामुळे त्यांची देखभाल स्वीकारत नाही.

निघण्यापूर्वी किमान १५ दिवस आधी कळवावे, म्हणजे आमचा माणूस आपल्या उपस्थितीत एकदा घरी येऊन प्राण्याशी ओळख करून घेईल. डॉक्टरांचा फोन नंबर, लसीकरणाचे कार्ड आणि गरज पडल्यास उपचार सुरू करण्याची लेखी परवानगी त्याच वेळी द्यावी, तसेच सोसायटीच्या गेटवर आमच्या माणसाचे नाव नोंदवावे. आणि निघताना आपण वापरलेला, न धुतलेला एखादा सदरा किंवा ओढणी प्राण्याच्या झोपायच्या जागी ठेवून जावी.