असानो, तादानोबु

असानो, तादानोबु : (27 नोव्हेंबर 1973– ). समकालीन जपानी चित्रपट-अभिनेते, संगीतकार व चित्रकार. जन्म योकोहामा येथे. मूळ नाव सातो तादानोबु. असानो हे आईकडचे आडनाव. जपानी रीतीने आडनाव आधी येते, म्हणून नोंद ‘अ’ या अक्षराखाली घेतली आहे. पाश्चात्त्य श्रेयनामावलीत क्रम उलटा आढळतो. बाराव्या शतकातील सेनानी मिनामोतो नो योशित्सुने याचा एकनिष्ठ योद्धाही सातो तादानोबु याच नावाचा असून तो काबुकी या जपानी पारंपरिक रंगभूमीवर फार लोकप्रिय आहे. संदर्भ शोधताना दोघांची गल्लत होऊ देऊ नये.

वडील कलावंतांच्या व्यवस्थापनाच्या व्यवसायात होते. त्यांच्याच आग्रहाने असानो 1988 मध्ये शाळकरी मुलांवरील एका दूरचित्रवाणी मालिकेत आले. पहिला चित्रपट बाताआशी किंग्यो (1990). पुढील वाटचाल मात्र मोठ्या चित्रसंस्थांपेक्षा ‘मिनी थिएटर’ या चित्रगृहांच्या आधाराने झाली, म्हणून त्या संज्ञेचा खुलासा आवश्यक ठरतो.

मिनी थिएटर म्हणजे मोठ्या वितरकांच्या साखळीबाहेर राहून स्वतःचा कार्यक्रम स्वतः ठरवणारे लहान चित्रगृह. खुर्च्या बहुधा दोनशेच्या आतबाहेर. त्याचा प्रारंभ कधी झाला याविषयी एकमत नाही. काहीजण टोकियोच्या जिम्बोचो भागातील इवानामी हॉल सुरू झाला ते 1968 हे वर्ष धरतात, पण आरंभी ते बहुउद्देशीय सभागृह होते. दुसऱ्या मतानुसार खरा आरंभ 1981 मध्ये शिंजुकूतील सिनेमा स्क्वेअर तोक्यूपासून होतो, कारण ‘मिनी थिएटर’ हा शब्द त्यानंतरच रूढ झाला. मात्र हे चित्रगृह एका बड्या उद्योगसमूहाचे होते, त्यामुळे साखळीबाहेरची ही कसोटी त्याला नीट लागू पडत नाही. इवानामी हॉलमध्ये 1974 च्या फेब्रुवारीत ‘एकिप द सिनेमा’ हा उपक्रम सुरू झाला. दुर्लक्षित चित्रपट निवडून ते आठवडेच्या आठवडे चालवण्याची पद्धत तेथे बसली. प्रस्तुत नोंदीत हाच आरंभ अधिक ग्राह्य मानला आहे. या उपक्रमात दाखवलेला पहिला चित्रपट सत्यजित राय यांचा अपूर संसार होता, ही गोष्ट भारतीय वाचकाने लक्षात ठेवावी अशीच आहे. याआधी, 1961 मध्ये स्थापन झालेल्या आर्ट थिएटर गिल्ड या स्वतंत्र चित्रसंस्थेने साठच्या दशकाच्या अखेरीस सुमारे एक कोटी येनच्या अल्प खर्चात चित्रपट काढण्याची वाट घालून दिली होती. ओशिमा नागिसा हे त्या वाटेवरचे प्रमुख दिग्दर्शक. त्यांच्या गोहात्तो (1999) या अखेरच्या चित्रपटात असानो यांची भूमिका आहे.

मोठा तारा हौसेखातर छोट्या चित्रपटांत काम करतो, असे असानो यांच्याबद्दल म्हटले जाते. कालक्रम पाहता हे उलटे वाटते. त्यांची घडणच छोट्या चित्रपटांत झाली. कोरे-एदा हिरोकाझु यांच्या माबोरोशी नो हिकारी (1995) या पहिल्या कथाचित्रपटात ते तरुण नवरा इकुओ झाले आहेत. चोरून आणलेली सायकल नवरा-बायको दोघे मिळून हिरवी रंगवतात, एवढ्या एका प्रसंगात त्यांचा संसार उभा राहतो. थोड्याच वेळात इकुओ रेल्वेच्या रुळांवर मरतो आणि उरलेला चित्रपट त्याच्या न उलगडलेल्या मरणाभोवती फिरतो. काहीही ‘करून न दाखवण्याचा’ हा अभिनय पाहणाऱ्याच्या मनात रेंगाळतो. आओयामा शिंजी यांच्या हेल्पलेस (1996) मधील केंजी हा तरुणही असाच अबोल, पण अचानक हिंसक होणारा. तीच व्यक्तिरेखा असानो यांनी अकरा वर्षांनी सॅड व्हेकेशन (2007) मध्ये पुन्हा साकारली. एकाच नटाचे वय आणि एकाच पात्राचे वय असे बरोबरीने वाढताना क्वचितच पाहायला मिळते.

याच्या अगदी विरुद्ध टोकाला मिइके ताकाशि यांच्या कोरोशिया इचि (2001) मधला गुन्हेगारी टोळीतला काकिहारा. त्याच्या गालांना चिरा आहेत आणि सिगारेटचा धूर त्या चिरांतून बाहेर येतो. त्याच वर्षीच्या, ईशिइ सोगो (पुढे गाकुर्यू हे नाव घेतले) यांच्या इलेक्ट्रिक ड्रॅगन 80000 व्ही या सुमारे 55 मिनिटांच्या कृष्णधवल चित्रपटात ते अंगात वीज साठलेला माणूस झाले. संगीतही ईशिइ व असानो यांच्याच ‘माख 1.67’ या वाद्यवृंदाचे. दिग्दर्शक कुरोसावा कियोशि यांच्याबरोबरचे काम विशेष महत्त्वाचे. अकारुइ मिराइ (2003) मध्ये तुरुंगात गळफास घेणारा मामोरु मरण्याआधी तारेने आपली बोटे बांधून ‘पुढे जा’ ही खूण करून ठेवतो. किशिबे नो ताबि (2015) मध्ये बुडून मेलेला नवरा तीन वर्षांनी सहज घरी परततो. माबोरोशीतला नवरा काही न सांगता गेला, हा परत येऊन बोलतो. दोन्ही चित्रपट लागोपाठ पाहावेत.

जपानबाहेर पेन-एक रत्नरुआंग यांच्या लास्ट लाइफ इन द युनिव्हर्स या चित्रपटातील बँकॉकमधल्या ग्रंथपालाच्या भूमिकेसाठी 2003 मध्ये व्हेनिस महोत्सवात ‘कोन्त्रोकोरेन्ते’ विभागाचा अभिनय पुरस्कार मिळाला. होउ श्याओ-श्येन यांच्या कोही जिको या, जपानी दिग्दर्शक ओझू यासुजिरो यांच्या जन्मशताब्दीनिमित्त केलेल्या चित्रपटात ते जिम्बोचोतले जुन्या पुस्तकांचे दुकानदार असून आगगाड्यांचे आवाज ध्वनिमुद्रित करत फिरतात. मंगोल (2007) मध्ये ते तेमुजिन, म्हणजे तरुण चंगीझखान. पुढे थॉर (2011) आदी हॉलिवुडपट आले. वाताशि नो ओतोको या चित्रपटासाठी 2014 मध्ये मॉस्को महोत्सवात सर्वोत्कृष्ट अभिनेता. शोगुन (2024) मालिकेतील याबुशिगे या सरदाराच्या भूमिकेसाठी जानेवारी 2025 मध्ये गोल्डन ग्लोब मिळाला, तेव्हा तुम्ही कदाचित मला ओळखत नसाल असे म्हणून त्यांनी आधी स्वतःची ओळख करून दिली.

फुकादा कोजि यांच्या फुचि नि तात्सु (2016) मधील पांढऱ्या सदऱ्यातला, अतिविनम्र यासाका ही बहुधा त्यांची सर्वांत भेदक भूमिका. पांढरा पोशाख उतरवल्यावर आतला लाल शर्ट दिसतो आणि अंगावर काटा येतो. 2020 च्या साथीत चित्रगृहे बंद पडली, तेव्हा याच फुकादा यांनी हामागुची र्युसुके यांच्यासह मिनी थिएटरांसाठी निधी उभा केला. जवळपास 30 हजार लोकांनी 33 कोटी येनहून अधिक रक्कम दिली. इवानामी हॉल मात्र 29 जुलै 2022 रोजी कायमचा बंद झाला.

असानो यांची चित्रकला उशिरा पुढे आली. चीनमधील एका चित्रीकरणाच्या काळात हाताशी असलेल्या पेनाने त्यांनी रेखाटने सुरू केली. टोकियोच्या वातारि-उम संग्रहालयात 2019 मध्ये त्यांचे प्रदर्शन भरले. त्याच्या शीर्षकातला 3634 हा आकडा रेखाटनांच्या संख्येचा होता.