लिपिड प्रोफाईलची पार्श्वभूमी

नागपुरात धंतोली किंवा रामदासपेठेतील एखाद्या पॅथॉलॉजी लॅबमध्ये सकाळी उपाशीपोटी रक्त दिले की संध्याकाळपर्यंत लिपिड प्रोफाईलचा, म्हणजे रक्तातील मेदांच्या तपासणीचा, अहवाल हाती पडतो. त्यातील एलडीएल, एचडीएल आणि व्हीएलडीएल ही कोलेस्टेरॉलची तीन निरनिराळी रूपे आहेत, असा समज सर्रास आढळतो. वस्तुतः कोलेस्टेरॉलचा रेणू तिन्हींत एकच असतो. वेगळे असतात ते त्याला वाहून नेणारे कण: एलडीएल कमी घनतेचे, एचडीएल जास्त घनतेचे आणि व्हीएलडीएल अतिकमी घनतेचे. हा भेद वैद्यकशास्त्राच्या पचनी पडायला बराच काळ जावा लागला.

मेद पाण्यात विरघळत नाही आणि रक्तद्रव बहुतांशी पाणीच असते. त्यामुळे शरीर ट्रायग्लिसराइड (साठवणीचा व ऊर्जेचा मेद) व कोलेस्टेरॉल गाभ्यात ठेवून त्याभोवती फॉस्फोलिपिड (पाण्याशीही जुळवून घेणारा मेद) आणि प्रथिनांचे आवरण चढवते, हेच लायपोप्रोटीन. सावजी मटणाच्या भरपेट जेवणानंतर दोन-तीन तासांनी रक्त काढले, तर नळीत वर उरलेले सीरम नेहमीसारखे पिवळसर व नितळ न दिसता दुधाळ दिसू शकते. हा दुधाळपणा आतड्यात तयार झालेल्या कायलोमायक्रॉन कणांचा असतो. ते थेट रक्तात न जाता आधी लसिकावाहिन्यांत शिरतात आणि मानेच्या डाव्या बाजूला, गळ्याच्या तळाशी शिरेत उतरतात. केशवाहिन्यांच्या भिंतीवरील लायपोप्रोटीन लायपेज हे विकर (एन्झाइम) त्यांतील ट्रायग्लिसराइड फोडून स्नायूंना व मेदपेशींना पुरवते आणि उरलेला कण यकृताकडे जातो. यकृत स्वतःचा मेद व्हीएलडीएलमधून बाहेर पाठवते, आणि त्यातील ट्रायग्लिसराइड झडत गेले की मागे कोलेस्टेरॉलने भरलेला एलडीएल उरतो.

1929 मध्ये पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये मिशेल माशबफ यांनी घोड्याच्या सीरममधून मेद आणि प्रथिने एकत्र बांधलेला अंश वेगळा केला. आजच्या भाषेत तो एचडीएल होय. पुढचा निर्णायक टप्पा मात्र रसायनशाळेपेक्षा यंत्राने गाठला. अल्ट्रासेंट्रिफ्यूज या अतिवेगाने फिरवणाऱ्या यंत्रात प्रथिने तळाशी बसतात, पण सीरमचा एक भाग ठरल्याप्रमाणे वागत नसे आणि संशोधकांना तो कोड्यात टाकत असे. बर्कलेमधील जॉन गॉफमन यांनी युक्ती केली: सीरममध्ये मीठ मिसळून त्याची घनता वाढवली आणि मग ते फिरवले. तेव्हा मेदयुक्त कण दुधावरच्या सायीसारखे वर तरंगले, आणि प्रत्येक प्रकार किती वेगाने वर येतो यावरून त्यांची वर्गवारी करता आली. 1950 मध्ये त्यांनी यातील काही कणांचा संबंध धमनीकाठिण्याशी, म्हणजे धमन्यांत मेद साचून त्या कठीण होण्याशी, जोडला.

हे सहज स्वीकारले गेले नाही. 1956 मध्ये अनेक प्रयोगशाळांनी मिळून केलेल्या एका अभ्यासाने निष्कर्ष काढला की हृदयविकाराचे भाकीत करण्यात हे महागडे मोजमाप एकूण कोलेस्टेरॉलपेक्षा सरस नाही. एचडीएलच्या बाबतीतही तेच झाले: हृदयरुग्णांमध्ये त्याचे प्रमाण कमी असते, हे डेव्हिड बार आणि सहकाऱ्यांनी 1951 मध्येच दाखवले होते, पण अमेरिकेतील फ्रॅमिंगहॅम या दीर्घकालीन हृदयविकार अभ्यासाने 1977 मध्ये दुजोरा देईपर्यंत त्याकडे फारसे लक्ष गेले नाही. माझ्या मते, या इतिहासातील सर्वांत खेदाची बाब हीच आहे.

साध्या लॅबपर्यंत ही तपासणी पोहोचली ती 1972 च्या फ्रीडवाल्ड सूत्रामुळे. एकूण कोलेस्टेरॉलमधून एचडीएल आणि ट्रायग्लिसराइडचा पाचवा हिस्सा वजा केला की एलडीएलचा अंदाज मिळतो; अनेक अहवालांतला हा आकडा मोजलेला नसून असाच काढलेला असतो. ट्रायग्लिसराइड प्रति डेसिलिटर 400 मिलिग्रॅमच्या वर गेले की हे सूत्र चालत नाही. उपाशीपोटी रक्त घेण्याचा आग्रहही बराचसा यातूनच आला.

एलडीएल रक्तातून बाहेर कसे पडते, याचे उत्तर डॅलसमधील मायकेल ब्राऊन आणि जोसेफ गोल्डस्टीन यांनी आनुवंशिक अतिकोलेस्टेरॉल असलेल्या रुग्णांच्या त्वचापेशींतून शोधले. निरोगी पेशींवर एलडीएल पकडणारे ग्राही असतात आणि या रुग्णांत ते सदोष असतात किंवा नसतातच. या कार्यासाठी त्यांना 1985 चे नोबेल मिळाले. जपानमधील अकिरा एंडो यांनी बुरशीतून शोधलेल्या रसायनांपासून सुरू झालेली स्टॅटिन औषधे याच ग्राहींच्या आधारे काम करतात: यकृतपेशीतील कोलेस्टेरॉलची निर्मिती रोखली की ती पेशी अधिक ग्राही तयार करते आणि रक्तातील एलडीएल ओढून घेते.