लीलच्या पत्त्यांच्या स्पर्धेला जायचंय? शेंगेन व्हिसाची पात्रता, कागदपत्रं आणि अर्जाची पद्धत

फ्रान्सच्या उत्तरेला, बेल्जियमच्या हद्दीजवळ लील हे शहर आहे. २०१२ च्या ऑगस्टमध्ये जागतिक माइंड स्पोर्ट्स गेम्स याच शहरात झाले आणि ब्रिज खेळणारे संघ जगभरातून तिथे आले. अलीकडे ‘लील ग्राँ पाले’ या प्रदर्शन संकुलात पोकेमॉनसारख्या ट्रेडिंग कार्ड खेळांच्या (म्हणजे जमवलेल्या, अदलाबदल करता येणाऱ्या पत्त्यांनी खेळायच्या खेळांच्या) मोठ्या स्पर्धाही झाल्या आहेत. शनिवारी सकाळी पहिली फेरी, रविवारी संध्याकाळी अंतिम सामना. पुण्या-मुंबईतले बरेच खेळाडू अशा स्पर्धेला जायची इच्छा बाळगून असतात आणि व्हिसाच्या नावानं थबकतात. ही माहिती त्यांच्यासाठी आहे.

आधी एक गोष्ट मनापासून सांगतो. आपल्याकडे ‘पत्ते’ म्हटलं की घरच्यांच्या डोळ्यांसमोर जुगार येतो, त्यामुळे अनेक जण अर्जात स्पर्धेचा उल्लेखच टाळतात आणि नुसतं ‘फिरायला’ असं लिहून मोकळे होतात. असं करू नका. ऐन ऑक्टोबरात, तेही पॅरिसऐवजी लीलमध्ये चार रात्री राहणारा एकटा पर्यटक पाहिला की ‘का बरं?’ हा प्रश्न पडतोच. त्याचं खरं उत्तर तुमच्याकडे आहे, ते कागदावर येऊ द्या.

कोणता व्हिसा, कोणाला मिळतो

भारतीय पासपोर्टधारकाला लागतो तो अल्पमुदतीचा शेंगेन व्हिसा, म्हणजे ‘सी’ प्रकार. शेंगेन म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांचा गट. कोणत्याही १८० दिवसांत जास्तीत जास्त ९० दिवस राहण्याची मुभा त्यात असते, पण प्रत्यक्षात तुमच्या प्रवासाला पुरतील तेवढेच दिवस मिळू शकतात. पात्रतेसाठी शिक्षणाची किंवा पगाराची ठरावीक अट नाही. जाण्याचं कारण पटलं पाहिजे, खर्च झेपतो हे दिसलं पाहिजे आणि तुम्ही परत येणार याची खात्री वाटली पाहिजे.

पासपोर्ट मागच्या १० वर्षांत काढलेला हवा, शेंगेन प्रदेशातून निघाल्यानंतर निदान ३ महिने चालू हवा आणि त्यात किमान २ पानं कोरी हवीत.

अर्ज कोणत्या देशाकडे करायचा, इथे लीलच्या बाबतीत हमखास गोंधळ होतो. ब्रुसेल्सहून लील रेल्वेनं पाऊण तासाच्या आतच येतं, त्यामुळे काही जण ब्रुसेल्सचं स्वस्त तिकीट बघतात आणि व्हिसाही बेल्जियमचाच मागायला जातात. नियम असा की ज्या देशात सर्वात जास्त दिवस राहणार, अर्ज त्या देशाकडे. दिवस सारखेच असतील तर जिथे आधी पाऊल ठेवाल त्या देशाकडे. चार रात्री लीलमध्ये आणि एक ब्रुसेल्समध्ये असेल, तर विमान ब्रुसेल्सला उतरलं तरी अर्ज फ्रान्सकडेच. लीलहून लंडनची गाडीही दीड तासाच्या आतली आहे, पण तो मोह टाळा. ब्रिटन शेंगेनमध्ये नाही, त्याचा व्हिसा वेगळा लागतो आणि एकदाच प्रवेशाचा शेंगेन व्हिसा असेल तर लंडनहून परत फ्रान्समध्ये येता येत नाही.

वेळेचं गणित

प्रवासाच्या ६ महिने आधीपासून अर्ज करता येतो आणि उशिरात उशिरा १५ दिवस आधी. निर्णयाला साधारण १५ दिवस लागतात, तपास वाढला तर ४५ दिवसांपर्यंत जाऊ शकतात. तेवढे दिवस पासपोर्ट तुमच्या हातात नसतो, त्यामुळे मधेच कंपनीच्या कामासाठी दुबईला जायचं असेल तर ते आधीच विचारात घ्या. एप्रिल ते ऑगस्ट युरोपला जाणाऱ्यांची झुंबड असते आणि अपॉइंटमेंट मिळणं अवघड होतं. ऑक्टोबरच्या सुरुवातीची स्पर्धा असेल, तर मी म्हणेन जुलै संपायच्या आत फाइल आत गेलेली बरी. सप्टेंबरच्या पहिल्या शनिवार-रविवारी लीलमध्ये ‘ब्रादरी’ हा जुन्या वस्तूंचा प्रचंड बाजार भरतो. त्या आठवड्यात स्पर्धा आली, तर हॉटेल सगळ्यात आधी धरून ठेवा.

अर्ज कसा भरायचा

फ्रान्स सरकारच्या ‘फ्रान्स-व्हिसाज’ या संकेतस्थळावर खातं उघडायचं आणि फॉर्म तिथेच भरायचा. तुमच्या उत्तरांनुसार कागदपत्रांची यादी तिथेच तयार होते. दुसऱ्या कुणाच्या यादीवर विसंबू नका, नोकरदाराची आणि विद्यार्थ्याची यादी सारखी नसते. फॉर्मची आणि पावतीची प्रिंट काढून सही करायची, मग व्हीएफएसची, म्हणजे व्हिसाचे अर्ज स्वीकारणाऱ्या खासगी कंपनीच्या केंद्राची, अपॉइंटमेंट घ्यायची. मुंबई आणि पुणे, दोन्हीकडे केंद्र आहे. केंद्र फक्त कागद आणि बोटांचे ठसे घेतं, निर्णय फ्रान्सच्या दूतावासाचा असतो.

फॉर्ममध्ये प्रवासाच्या कारणापुढे पर्यटन, सांस्कृतिक, क्रीडा असे पर्याय येतात. स्वतःच्या खर्चानं, सगळ्यांना खुल्या असलेल्या स्पर्धेत हौशी खेळाडू म्हणून जात असाल, तर पर्यटन निवडून अर्जासोबतच्या पत्रात (कव्हर लेटरमध्ये) स्पर्धा स्पष्ट लिहिणं मला सरळ वाटतं. संघटनेनं संघातून पाठवलं असेल आणि आयोजकांचं निमंत्रणपत्र हातात असेल, तर क्रीडा. काहीही निवडा, पण फॉर्म, पत्र आणि केंद्रावर तोंडी दिलेलं उत्तर या तिन्हींत एकच गोष्ट यायला हवी.

शुल्क ११ जून २०२४ पासून प्रौढांना ९० युरो आहे, ६ ते १२ वर्षांपर्यंतच्या मुलांना ४५, आणि ६ वर्षांखालच्यांना माफ. ते रुपयांत घेतात, केंद्राचा सेवाआकार वेगळा पडतो आणि व्हिसा नाकारला तरी पैसे परत मिळत नाहीत. १२ वर्षांवरच्या प्रत्येकाला दहाही बोटांचे ठसे द्यावे लागतात. मागच्या ५९ महिन्यांत शेंगेनसाठी ठसे दिले असतील, तर तेच वापरता येतात.

कागदपत्रं

स्पर्धेचा पुरावा हा या फाइलचा कणा आहे, म्हणून त्यावर जास्त लिहितो. नोंदणीची पावती, स्पर्धेच्या पानाची तारीख-ठिकाण दिसणारी प्रिंट आणि जमलं तर आयोजकांचं पत्र, एवढं लावा. माझ्या पहिल्या अर्जाच्या वेळी नोंदणीच्या ईमेलवर माझं खेळातलं टोपणनावच आलं होतं, खरं नाव कुठेच नव्हतं. तो कागद माझाच आहे हे कुणाला कसं कळणार? मग आयोजकांना लिहून पासपोर्टवरच्या नावानं दुसरं पत्र मागवलं, त्यात आठ दिवस गेले. तुम्ही नोंदणी करतानाच पासपोर्टवर आहे तसंच नाव टाका, वडिलांच्या किंवा पतीच्या नावासकट. आपल्याकडे मधलं नाव पासपोर्टवर असतं आणि विमानाच्या बुकिंगमध्ये गळून पडतं. लग्नानंतर आडनाव बदललं असेल आणि बँकेत जुनंच चालू असेल, तर गॅझेटची प्रत किंवा विवाह प्रमाणपत्र सोबत जोडा.

कव्हर लेटर एक पानाचं पुरे. इंग्रजीत किंवा फ्रेंचमध्ये लिहा आणि त्यात हे येऊ द्या: मी अमुक खेळ इतकी वर्षं खेळतो, हा कौशल्याचा खेळ आहे, दोन्ही खेळाडू स्वतः बांधलेला डेक (पत्त्यांचा संच) घेऊन बसतात, खेळताना पैसे लावले जात नाहीत, प्रवेशशुल्क इतकं आहे, शुक्रवारी पोचतो, सोमवारी निघतो, मंगळवारी कामावर हजर. लीलमध्ये मोठा कॅसिनो आहे, त्यामुळे ‘पैसे लावले जात नाहीत’ हे वाक्य वगळू नका. भारतात अशा स्पर्धांत खेळला असाल, तर एक-दोन निकालांची प्रिंट लावा.

राहण्याचा पुरावा म्हणजे हॉटेलचं बुकिंग, पूर्ण मुक्कामाचं आणि तुमच्या नावासह. मित्राच्या घरी राहणार असाल, तर त्यानं आपल्या भागातल्या नगरपालिकेतून, म्हणजे ‘मेरी’तून ‘अतेस्तासियों दाक्य’ हे प्रमाणपत्र काढून पाठवायला हवं. त्याला ३० युरो लागतात, ते मिळायला वेळ जातो आणि मूळ प्रत मागतात. मित्राचा ईमेल पुरत नाही.

पैशांच्या बाबतीत फ्रान्सचे आकडे ठरलेले आहेत. हॉटेलचं बुकिंग असेल तर दिवसाला ६५ युरो, नसेल तर १२०, आणि नगरपालिकेचं प्रमाणपत्र असेल तर ३२.५०. पाच दिवसांच्या प्रवासाला हॉटेलसह ३२५ युरो झाले. ही किमान रक्कम आहे, खात्यात त्याहून बरीच जास्त दिसायला हवी. बँकेचं शिक्का-सहीचं स्टेटमेंट, सॅलरी स्लिप, आयटीआर आणि कंपनीचं रजा मंजूर केल्याचं पत्र लावा. अर्जाच्या आदल्या दिवशी मामाकडून दोन लाख घेऊन खात्यात टाकले, तर ते लगेच नजरेत येतं. मदत घेतलीच असेल, तर त्यांचं पत्र आणि त्यांचे आयटीआर जोडून उघडपणे सांगा.

स्वतःचा धंदा असेल तर गुमास्ता किंवा उद्यम नोंदणी. विद्यार्थी असेल तर कॉलेजचं बोनाफाईड आणि आई-वडिलांचे आर्थिक कागद. गावाकडे शेती असेल तर सातबारा हा परत येण्याच्या कारणाचा चांगला आधार ठरतो, पण मराठी कागद तसाच देऊ नका, इंग्रजी किंवा फ्रेंच भाषांतर जोडा. १८ वर्षांखालच्या खेळाडूला जन्मदाखला आणि आई-वडील दोघांचं नोटरी केलेलं संमतीपत्र लागतं.

प्रवासविमा किमान ३०,००० युरोंचा, सगळ्या शेंगेन देशांत चालणारा आणि पूर्ण मुक्कामाचा हवा. फोटो ३५ बाय ४५ मिलिमीटर, ६ महिन्यांच्या आतला.

आधी काय विकत घ्यायचं?

स्पर्धेच्या जागा भराभर संपतात आणि नोंदणीचे पैसे बहुतेक वेळा परत मिळत नाहीत. व्हिसा नसताना नोंदणी करायची का? करा. या प्रवासाचं कारणच ती नोंदणी आहे आणि सगळ्या खर्चात ती रक्कम लहान असते. हॉटेल फुकट रद्द करता येईल असं घ्या. विमानाचं मात्र आधी फक्त आरक्षण ठेवा, पक्कं तिकीट व्हिसा हातात आल्यावर. एजंटकडून मिळणारी बनावट बुकिंगं अजिबात नकोत, पडताळणीत सापडली तर पुढचे अर्जही अडचणीत येतात.

व्हिसा नाकारला तर

छापील फॉर्मवर कारणापुढे खूण करून देतात. आपल्या खेळाडूंना ‘मुक्कामाचा उद्देश व परिस्थिती पुरेशी स्पष्ट नाही’ हे कारण जास्त भोवतं, असं माझं निरीक्षण आहे. ३० दिवसांत फ्रान्समधल्या नांत शहरातल्या व्हिसा उपसंचालकांकडे दाद मागता येते. पण स्पर्धा तोंडावर असेल तर त्या निकालाची वाट बघण्यात अर्थ नसतो. उणीव भरून काढून नवा अर्ज करणं जास्त उपयोगाचं. आधीचा नकार शेंगेनच्या माहितीप्रणालीत नोंदलेला असतो, म्हणून तो लपवायचा नाही. काय बदललं ते पत्रात लिहायचं.

निघताना आणि परतताना

व्हिसा मिळाल्या मिळाल्या स्टिकरवरचं नाव, तारखा, प्रवेश किती वेळा आणि मुक्कामाचे दिवस केंद्रावरच वाचून बघा. विमा, हॉटेल, परतीचं तिकीट आणि स्पर्धेचं पत्र हातातल्या बॅगेत ठेवा, पॅरिसला उतरल्यावर अधिकारी हेच कागद पुन्हा मागू शकतात. ऑक्टोबर २०२५ पासून टप्प्याटप्प्यानं सीमेवर चेहरा आणि ठसे नोंदवायची नवी पद्धत सुरू झाली आहे, रांगेत वेळ जातो. त्यामुळे शार्ल द गोल विमानतळावरून लीलला जाणाऱ्या रेल्वेचं तिकीट काढताना मधे भरपूर अंतर ठेवा. गाडी तासाभरात पोचवते.

डेक चेक-इन बॅगेत टाकू नका. महागडे पत्ते असतील, तर निघताना विमानतळावर कस्टम्सकडून निर्यात प्रमाणपत्र घ्या, म्हणजे परतताना ते नव्यानं आणले असं धरणार नाहीत. स्लीव्हमधून (प्लास्टिकच्या पाकिटातून) काढून प्रत्येक महाग पत्त्याचा पुढून-मागून फोटो आणि खरेदीची पावती आधीच तयार ठेवली, की तिथलं काम लवकर होतं. स्पर्धेच्या ठिकाणी विक्रेते पत्ते विकत घेतात, म्हणून काही जण वहीभर पत्ते विकायला नेतात. विकायला नेलेला माल हे वैयक्तिक सामान नव्हे, तो युरोपात उतरताना जाहीर करावा लागतो आणि पर्यटनाच्या अर्जाशी त्याचा मेळही बसत नाही. रोख बक्षीस मिळालं, तर भारतीय आयकर कायद्यात पत्त्यांच्या खेळातल्या जिंकलेल्या रकमेवर ३० टक्क्यांचा दर आहे, परतल्यावर सीएला दाखवा.

दरवर्षी जायचा विचार असेल, तर एप्रिल २०२४ मध्ये भारतीयांसाठी आलेली सवलत लक्षात ठेवा. मागच्या ३ वर्षांत दोन शेंगेन व्हिसे नियमानं वापरले असतील, तर साधारणपणे २ वर्षांचा अनेक प्रवेशांचा व्हिसा मिळू शकतो आणि त्यानंतर ५ वर्षांचा. म्हणून पासपोर्ट नवीन काढला तरी जुना जपून ठेवा, त्यातल्या व्हिसाच्या पानांच्या झेरॉक्स पुढच्या अर्जाला लावायच्या असतात.