शेतवाट्याचा स्वयंपाक

हंगाम सुरू होण्याआधी शेतकऱ्याला पैसे द्यायचे, त्याच्या पिकातला एक वाटा आपला करायचा आणि मग दर आठवड्याला त्या वाट्याची जी भाजी येईल तिच्यावर घर चालवायचे, या पद्धतीला अमेरिकेत कम्युनिटी सपोर्टेड ॲग्रिकल्चर, थोडक्यात सीएसए म्हणतात. सभासद मात्र बोलताना 'फार्म शेअर' म्हणतात. मराठीत त्याला रूढ शब्द नाही. या नोंदीत 'शेतवाटा' म्हटले आहे. बटई किंवा अर्धेलीशी त्याचा संबंध नाही. तिथे वाटा जमीनमालक आणि कसणारा यांच्यात पडतो. इथे तो खाणाऱ्याकडे येतो आणि जोखीम सोबत घेऊन येतो. 2009 च्या उन्हाळ्यात अमेरिकेच्या ईशान्य भागात उशिरा येणाऱ्या करप्याने टोमॅटोचे मळेच्या मळे काळे पडले, तेव्हा अनेक सभासदांच्या पेट्यांत टोमॅटो जवळजवळ आलाच नाही. पैसे परत मिळायचा प्रश्न नव्हता, करारच तसा असतो. काकडी माजली की मात्र त्याच पेटीतून आठ-आठ काकड्या घरी येतात.

या व्यवहाराच्या आर्थिक बाजूवर पुष्कळ लिहिले गेले आहे. स्वयंपाकघरात त्याने जी उलथापालथ होते ती अधिक रंजक आहे. बाजारात जाणारा माणूस आधी पदार्थ ठरवतो आणि मग भाजी आणतो. शेतवाट्यात भाजी आधी येते, तीही न विचारता.

उगम

जपानमध्ये 1970 च्या दशकात कीटकनाशके आणि मिनामाताच्या पारा-विषबाधेसारखी प्रकरणे यांनी धास्तावलेल्या गृहिणी थेट शेतकऱ्यांकडे गेल्या. त्यातून उभ्या राहिलेल्या व्यवस्थेला 'तेईकेई' म्हणतात. अर्थ साधारण 'हातमिळवणी'. 1971 मध्ये स्थापन झालेल्या जपानी सेंद्रिय शेती संघटनेने 1978 मध्ये तेईकेईची दहा तत्त्वे मांडली. त्यांतले एक स्वयंपाक करणाऱ्याला चांगलेच बांधून ठेवते: शेतकऱ्याने पाठवलेला सगळा माल घरांनी स्वीकारायचा आणि आपला आहार शक्य तितका त्या मालावर बेतायचा. म्हणजे निवडून घ्यायची मुभा नाही. पुढे जगभर पसरलेल्या शेतवाट्यांनी ही अट बरीच सैल केली, पण मूळ चाल तीच राहिली.

अमेरिकेतली सुरुवात साधारणपणे 1986 ची धरतात. मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या साउथ एग्रेमॉन्ट गावी रॉबिन व्हॅन एन यांच्या इंडियन लाइन फार्मवर स्वित्झर्लंडमधले प्रयोग पाहून आलेल्या यान व्हँडर टाऊन यांच्यासोबत हा उपक्रम आकाराला आला. आदल्या शरदात त्यांनी सफरचंदांचे वाटे विकून अंदाज घेतला होता. 1986 मध्येच न्यू हॅम्पशायर राज्यात टेम्पल-विल्टन कम्युनिटी फार्म सुरू झाले. दोन्हींवर ऑस्ट्रियन विचारवंत रुडॉल्फ श्टायनर यांच्या जैवगतिक, म्हणजे शेताला एक सजीव घटक मानणाऱ्या शेतीविचाराची छाप होती. एवढेच सांगून थांबले तर गोष्ट अर्धी राहते. अलाबामातल्या टस्कीगी विद्यापीठातले कृष्णवर्णीय कृषितज्ज्ञ बुकर टी. व्हॉटली हे त्याच्याही आधीपासून लहान शेतकऱ्यांना सभासद-ग्राहकांचा क्लब बांधायला आणि आगाऊ वर्गणी घ्यायला सांगत होते. रूढ इतिहासात त्यांचे नाव उशिरा आले, हे नोंदवायलाच हवे.

2012 च्या अमेरिकी कृषिगणनेत 12,617 शेतांनी अशा पद्धतीने माल विकल्याचे कळवले.

पेटीतले महिने

अमेरिकेच्या ईशान्य कोपऱ्यातल्या न्यू इंग्लंडमध्ये मुख्य हंगाम जूनपासून ऑक्टोबरपर्यंत, साधारण वीस आठवडे. जूनची पेटी हिरवीगार आणि फसवी असते. लेट्यूस, पालक, केल, पाकचॉय, मुळा, पांढरे कोवळे जपानी सलगम, वाटाण्याच्या शेंगा. आकार मोठा, पण कढईत घातले की मूठभर उरते. याच महिन्यात लसणीच्या वळणदार दांड्या येतात. कडक दांड्याच्या लसणीला फुलोरा धरू लागला की शेतकरी तो छाटतो, म्हणजे जोर खाली कांद्यात जातो. ही छाटलेली दांडी पूर्वी बांधावर पडायची. आता ती पेटीत येते. तव्यावर हिरव्या मिरचीबरोबर परतून मीठ घालून रगडली तर तिचा जो ठेचा होतो, त्यापुढे तिचा दुसरा उपयोग सुचत नाही.

जुलैत झुकिनीचा पूर येतो. तिला रोज पाहावे लागते; दोन दिवस दुर्लक्ष झाले की वीतभराची झुकिनी दुधी भोपळ्याएवढी होते. ऑगस्ट हा टोमॅटो, मका, वांगी, ढोबळी मिरची, घेवडा यांचा. सप्टेंबरपासून पेटी जड होते: बटाटे, कांदे, लीक, गाजर, बीट, कोबी, बटरनट भोपळा, सेलरीचा ओबडधोबड गड्डा. पहिली थंडी पडली की केल आणि पार्सनिप हा पांढरट गाजरासारखा कंद गोड होतात, कारण गारठ्यात तग धरायला वनस्पती आपल्या पिठाची साखर करते. ऑक्टोबरातली केल खाऊन पाहिल्याशिवाय तिच्याविषयी मत बनवू नये.

पहिला तास

अनुभवी सभासद पेटी घरी आल्यावर आधी तिची वासलात लावतात, स्वयंपाक नंतर. बीट, मुळा, सलगम, गाजर यांचा पाला लगेच तोडून वेगळा ठेवायचा. पाला कंदातले पाणी ओढत राहतो आणि दोन दिवसांत दोन्ही मऊ पडतात. टोमॅटो फ्रिजमध्ये ठेवायचा नाही, थंडीत त्याचा वास मरतो. बेझिलही बाहेरच, पाण्याच्या पेल्यात; फ्रिजमध्ये ते काळे पडते. बटाट्यांना उजेड नको, नाहीतर हिरवे होतात आणि कडवट विषारी द्रव्य धरतात. खाण्याचा क्रम नाजूकपणावरून लागतो: पहिले दोन दिवस पालेभाज्या, मग काकडी-घेवडा, शेवटी कंद आणि कोबी. आठवडी बाजारावर जगलेल्या कोणत्याही घरात हा क्रम सांगावा लागत नव्हता. बुधवारच्या बाजारातली मेथी गुरुवारी, आणि मंगळवारी बटाटा किंवा पिठले.

नवख्याची अडचण वेगळी असते. त्याच्या हातात ओळख नसलेली भाजी पडते. विस्कॉन्सिनमधल्या मॅडिसन शहराभोवतीच्या शेतांची एक संघटना 1992 मध्ये उभी राहिली. तिने 1996 मध्ये सभासदांसाठी पाककृतींचे पुस्तक काढले, ते भाज्यांच्या वर्णानुक्रमाने लावलेले होते. पदार्थांच्या क्रमाने लावलेल्या पुस्तकांचा त्यांना उपयोगच नव्हता. 'कोलराबी आली आहे, आता काय?' एवढाच प्रश्न होता.

मराठी ओट्यावर

उत्तर अमेरिकेतल्या मराठी घरांतही अशा पेट्या येतात, आणि तिथे या प्रश्नाला थोडे निराळे उत्तर मिळते. मराठी भाजीचा स्वयंपाक बराचसा रीतींनी बांधलेला आहे. पीठ पेरून, पातळ भाजी, भरीत, कोशिंबीर, थालीपीठ, वड्या, मुटके: ही नावे भाजीची नाहीत, तिचे काय करायचे त्याची आहेत. भाजी बदलली तरी रीत चालते. त्यामुळे केलचे नाव पहिल्यांदा ऐकणारी आजीसुद्धा पान चुरून पाहते, देठाचा कडकपणा जोखते आणि सांगते, 'बारीक चीर, कोबीच्या वड्यांसारख्या वड्या कर.' तिचे चुकत नाही. केल, कोबी, फ्लॉवर, ब्रोकोली आणि ती अवघड कोलराबी या सगळ्या एकाच वनस्पतिजातीच्या भाज्या आहेत. कोलराबी म्हणजे तर आपला नवलकोल. हरभऱ्याची डाळ घालून त्याची भाजी, किंवा किसून दाण्याचे कूट, लिंबू आणि हिंगाची फोडणी.

मुळ्याचा आणि सलगमाचा पाला बरेच सभासद शेतावरच तोडून टाकतात. पीठ पेरून करायला याहून चांगला पाला नाही: तेल जरा सढळ, लसूण, बेसन वरून भुरभुरून झाकण, मंद आच. बीटचा पाला आणि स्विस चार्ड एकाच जातीचे आहेत आणि पालकाचे नातलग, म्हणून दोघांची ताकातली पातळ भाजी छान जमते. भिजवलेली हरभरा डाळ आणि शेंगदाणे त्यात हवेतच. झुकिनीला पाणी सुटते अशी तक्रार असते. थालीपिठात तीच सोय होते. किसलेल्या झुकिनीला मीठ लावून पाच मिनिटे ठेवले की सुटलेल्या पाण्यातच भाजणी भिजते, वेगळे पाणी घालावे लागत नाही. बेझिल मात्र कुठेच बसत नाही. तुळशीच्याच कुळातले ते झाड. त्याची हिरवी चटणी इटालियन पद्धतीनेच करावी, फोडणीत टाकण्याचा हट्ट करू नये.

याहून मजेची गोष्ट पेटीत नसते, शेतात असते. अमेरिकी शेतकरी ज्यांना तण म्हणून उपटतो त्यांत आपली घोळ आहे, चाकवत आहे आणि माठाची भावंडे आहेत. घोळीची जाड, आंबूस पाने मूग डाळीत जातात. चाकवताची ताक आणि बेसन लावून केलेली पातळ भाजी तर मराठी घरांत नेहमीची. पूर्वेकडच्या काही शेतांनी अलीकडे घोळ पेटीत घालायला सुरुवात केली आहे, पण सॅलडमध्ये पाच पाने अशा बेताने. शेपूचेही तसेच. तिथे शेपू म्हणजे काकडीच्या लोणच्यात किंवा माशावर टाकायच्या दोन काड्या. मूग डाळीतली शेपूची भाजी करायची तर अख्खी जुडी लागते. शेतकऱ्याला हे सांगितले तर तो बहुधा आनंदाने देतो, कारण शेपू त्याच्याकडे भराभर फुलावर जाऊन वायाच जात असतो. अनेक शेतांवर सभासदांना हंगामात काही तास काम करायची मुभा किंवा अट असते. तणे काढायला गेलेल्या मराठी बाईने पिशवी भरून परत यावे, याला दुसरा कोणताही नियम आड येत नाही, फक्त ओळख पक्की हवी. घोळीसारखी जमिनीवर पसरणारी दुधी नावाची एक वनस्पती असते. तिचा देठ मोडला की पांढरा चीक येतो. ती खायची नाही.

अडचणी

शेतवाटा सोडून देणारे सभासदही खूप. कारणे ठरलेली: भाजी जास्त होते, ओळखीची नसते, वेळ पुरत नाही. फ्रिजच्या तळाशी सलगम साचत जातात आणि माणसाला अपराधी वाटू लागते. शेतांनी त्यावर अर्धा वाटा, पंधरा दिवसांची पेटी, नको ती भाजी ठेवून दुसरी उचलायची अदलाबदलीची टोपली असे उपाय काढले. काही ठिकाणी आता भाजी निवडूनही घेता येते. सोय झाली खरी, पण मग तो वाटा उरत नाही, घरपोच दुकान होते. तेईकेईच्या त्या कडक तत्त्वामागचा हिशेब इथे कळतो: सगळ्यांनी टोमॅटोच निवडले तर पिकांचा फेर मोडतो आणि जमिनीला विश्रांती देणारी, कमी लाडाची भाजी शेतकरी लावीनासा होतो.

महाराष्ट्रात

मुंबईत 'हरी भरी टोकरी' या नावाने आसपासच्या सेंद्रिय शेतकऱ्यांचा माल हंगामी वर्गणी घेऊन घरांपर्यंत पोचवण्याचा प्रयोग झाला. पुण्याभोवती शेतकरी गटांच्या साप्ताहिक पेट्या चालतात. 2016 मध्ये राज्याने फळे-भाजीपाला बाजार समित्यांच्या नियमनातून मुक्त केला आणि थेट विक्रीची वाट मोकळी झाली. यांतल्या बहुतेक पेट्यांत जोखमीचा भाग नसतो. आठवड्याचे पैसे, आठवड्याची भाजी. आपल्याकडे वर्षभर काही ना काही पिकते, त्यामुळे एका हंगामाची पुंजी आगाऊ मागण्याची निकडही तिकडच्याइतकी नाही. पेटीत पावसाळ्यात अळू, पडवळ, शिराळी, भेंडी आणि कधी कंटोळी. थंडीत पावटा, सोलाणे, हिरवी लसूण, लाल गाजर, हादगा.

जे येईल ते एका भांड्यात, हा प्रकार इथे सणांनी सांभाळला आहे. भाद्रपदातली ऋषीची भाजी बैलाच्या कष्टाविना उगवलेल्या, म्हणजे परसातल्या आणि रानातल्या भाज्यांची असते: अळू, माठाचे देठ, सुरण, भोपळा, मक्याची कणसे. तिला फोडणी नाही. पौषातल्या भोगीला वांगी, गाजर, पावटा, सोलाणे, बोरे आणि तिळाचे कूट, सोबत बाजरीची भाकरी. कोणत्या घरात कोणती भाजी पडते ते दारची बाग आणि त्या दिवशीचा बाजार ठरवतो, म्हणून या दोन्हींची एकच अशी पक्की पाककृती नाही.

शेवटची पेटी

न्यू इंग्लंडमध्ये कडाक्याचे हिव पडायच्या आदल्या दिवशी शेतावरचे सगळे टोमॅटो, पिकले-न पिकले, उतरवून घेतात. त्या आठवड्याच्या पेटीत किलो-दोन किलो हिरवे टोमॅटो येतात. तिथले लोक ते मक्याच्या पिठात घोळवून तळतात. मराठी घरात फोडी तेलावर मऊ होईपर्यंत परततात, भाजलेले दाणे-तीळ, हिरवी मिरची, किंचित गूळ घालून वाटतात आणि वर मोहरीची खमंग फोडणी देतात. बटरनट भोपळे कोरड्या गार जागी दोन-तीन महिने राहतात. आपल्याकडचे बरेच लाल भोपळे त्याच जातीचे, त्यामुळे गूळ-कणकेत त्याचे घारगे बिनचूक होतात. गर जरा कोरडा असला तर कणीक कमी लागते एवढेच.